पीएसएफची सेटिंग नक्की काय भरायची? एकाच तारकागुच्छात कधी ४१२ तारे, कधी १९००!

गच्चीकर_माजिवडा | ११ मार्च, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

ठाण्यात माजिवड्याला चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर माझा संसार आहे: ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण, फोकल लांबी १००० मिमी, कूलर नसलेला मोनो कॅमेरा, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. रूपविकारी ताऱ्यांचं तेज मोजायचं मनात आहे. आधी हात बसावा म्हणून कर्क राशीतल्या एम ६७ या तारकागुच्छाचे फोटो काढतोय. तो सध्या संध्याकाळी मस्त वर असतो.

फोटोतून ताऱ्यांची यादी काढायला सोर्स एक्स्ट्रॅक्टर हे सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या सेटिंगची, म्हणजे कॉन्फिग फाइल नेटवरून उचलली (हो, माहितीये, शिव्या नंतर घाला). गेल्या शुक्रवारच्या फ्रेममध्ये त्याने १९०० 'तारे' काढले, रविवारच्या फ्रेममध्ये ४१२. तोच गुच्छ, तीच दुर्बीण, तोच मी.

वाटलं पीएसएफचा घोळ असणार. म्हणून 'सीइंग एफडब्ल्यूएचएम'मध्ये (ताऱ्याच्या ठिपक्याची निम्म्या उंचीवरची रुंदी) १.२ होतं त्याचं ३ केलं, मग ५, मग वैतागून २०. यादीत एकही तारा कमी-जास्त झाला नाही! मग हा रकाना आहे कशाला?

आणखी एक. काही फ्रेममध्ये तारे गोल नसून अक्षतांसारखे लांबट येतात, सगळ्या फ्रेममध्ये नाही. तेही याच्याशी संबंधित आहे का?

---

तर्री_जास्त | ११ मार्च, रात्री ११.५२

रुमाल टाकून ठेवतो. कळत काही नाही, पण धागा शंभरी गाठणार.

---

सानपाड्याची_सई | १२ मार्च, सकाळी ७.१५

पीएसएफ म्हणजे काय ते आम्हा पामरांना कुणी सांगेल का? मला आधी पीपीएफचा नवा भाऊ वाटला.

---

नौपाड्याचे_आजोबा | १२ मार्च, सकाळी ८.०५

सई, मी सांगतो. सॉफ्टवेअरमधलं मला काही कळत नाही, पण ठिपक्यांशी जुनी ओळख आहे.

टीपकागदावर शाईचा थेंब टाकलास की तो पसरतो. थेंब लहान असो की मोठा, पसरण्याची तऱ्हा कागद ठरवतो, शाई नाही. ताऱ्याचंही तसंच. तारा इतका दूर असतो की आपल्या दुर्बिणींना तो निव्वळ बिंदू. पण हवा, आरसा, फोकस, दुर्बिणीचं थरथरणं हे सगळं मिळून तो बिंदू पसरवतात. त्या पसरण्याचा जो आकार, तो पीएसएफ. एका फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांचा तो साधारण सारखाच असतो.

मग व्याध फोटोत बाजूच्या ताऱ्यांपेक्षा मोठा का दिसतो? तो मोठा नसतो. त्याच्या पसरट कडाही इतक्या तेजस्वी असतात की त्या उमटतात, आणि मिणमिणत्या ताऱ्याचा फक्त कळस उमटतो. फोटोच्या काचांच्या जमान्यात लोक ठिपक्याच्या आकारावरूनच ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, काढत. १९८६ ला हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी मी फिल्मवर काढलेल्या फोटोंत तारे हरभऱ्याएवढे आले होते. ती हवेची कृपा नव्हती, माझ्या फोकसची होती.

---

सानपाड्याची_सई | १२ मार्च, सकाळी ८.२०

आजोबा, __/\__ शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर भौतिकशास्त्र सोडलं नसतं.

---

खारघर_खगोल | १२ मार्च, सकाळी ९.३०

गच्चीकर, तुम्ही चुकीचा खिळा ठोकताय.

सीइंग एफडब्ल्यूएचएम या रकान्याचा तारे *शोधण्याशी* संबंध नाही. सापडलेली वस्तू तारा आहे की दीर्घिका, याला ० ते १ मध्ये गुण देणारं जे 'क्लास स्टार' आहे, फक्त त्याला हा आकडा लागतो. तो विकलांमध्ये (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) द्यायचा असतो, म्हणून शेजारचा 'पिक्सेल स्केल'ही (एका पिक्सेलमध्ये किती विकला आकाश मावतं) बरोबर हवा. तुम्ही २० भरलंत तेव्हा यादी तीच राहिली, पण क्लास स्टारचा रकाना बघा, तिथे गोंधळ झालेला दिसेल.

शोधण्याचं काम करतो 'फिल्टर नेम'. त्यात एका छोट्या चौकोनी जाळीची फाइल असते. सॉफ्टवेअर आधी चित्रावर ती जाळी फिरवून चित्र गुळगुळीत करतं, मग ठरलेल्या उंबरठ्यापेक्षा तेजस्वी ठिपके उचलतं. जाळीचा आकार तुमच्या ताऱ्याच्या आकाराशी जुळला की मंद तारे गोंगाटातून सगळ्यात चांगले वर येतात. पीएसएफची खरी सेटिंग ती. नेटवरच्या फाइलमध्ये बहुतेक 'डिफॉल्ट डॉट कॉन्व्ह' असेल. ती ३×३ ची आहे, २ पिक्सेल रुंदीच्या ताऱ्यासाठी. तुमचे तारे किती पिक्सेलचे आहेत?

---

ऐरोलीचा_आळशी | १२ मार्च, सकाळी १०.१०

माझं मत वेगळं. एवढ्या खोलात जायचंच कशाला? रूपविकारी तारा आणि दोन-तीन तुलनेचे तारे, सगळ्यांभोवती एकसारखं वर्तुळ मारा, आतला प्रकाश मोजा, बाहेरच्या कड्यावरून आकाशाचा उजेड वजा करा. हवा बिघडली तर सगळ्यांचीच बिघडते, फरक काढला की ती निघून जाते. मी वर्षानुवर्षं हेच करतोय, पीएसएफचं नावही घेतलेलं नाही.

---

तर्री_जास्त | १२ मार्च, सकाळी १०.१२

नाव तर घेतलंत आत्ता ;)

---

खारघर_खगोल | १२ मार्च, सकाळी १०.४५

आळशीभाऊ, तेज मोजण्यापुरतं अर्धं अनुमोदन. सुटा तारा असेल तर वर्तुळ पुरतं. पण एम ६७ च्या गाभ्यात दोन तारे खांद्याला खांदा लावून असले की तुमच्या वर्तुळात शेजाऱ्याचा उजेडही येतो, आणि तो किती येतो हे त्या रात्रीच्या हवेवर ठरतं. मग फरक काढूनही तो जात नाही. शिवाय धागाकर्त्याचा प्रश्न मोजण्याचा नाही, शोधण्याचा आहे. शोधताना जाळी वापरावीच लागते, आळस केला तर दुसऱ्याची वापरली जाते एवढंच.

---

बेलापूर_बायनरी | १२ मार्च, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. माझ्या आयुष्यातले दोन आठवडे एककांनी खाल्ले, ते इथे सांगितले तर कुणाचे तरी वाचतील.

सोर्स एक्स्ट्रॅक्टरचं सीइंग विकलांमध्ये. पायथनच्या फोटयुटिल्समधल्या डाओ-स्टार-फाइंडरला एफडब्ल्यूएचएम लागतं पिक्सेलमध्ये. मी एकातून दुसऱ्यात गेले आणि तोच ३.५ आकडा भरला. प्रोग्राम चिडत नाही, निमूट उत्तर देतो, तेच वाईट.

ते सुधारलं, तर पुढचा खड्डा. ॲस्ट्रोपायमध्ये गॉसियन (घंटेच्या आकाराची) जाळी स्वतः बनवताना तो सिग्मा, म्हणजे घंटेच्या पसरटपणाचं माप, मागतो, आणि मी एफडब्ल्यूएचएम दिलं. गॉसियनसाठी एफडब्ल्यूएचएम म्हणजे सिग्माच्या २.३५५ पट. म्हणजे माझी जाळी अडीच पट फुगलेली. तारे शोधण्याऐवजी मी ढग शोधत होते.

पिक्सेल स्केलचं सूत्र पाठच करा: २०६.२६५ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लांबी मिलिमीटरमध्ये. गच्चीकरांसाठी ०.७७ विकला प्रति पिक्सेल. कॉन्फिगमध्ये हा आकडा मूळचा १.० असतो आणि लोक तो तसाच ठेवतात.

---

घणसोलीचा_घाबरट | १२ मार्च, दुपारी १.५०

अवांतर: या सॉफ्टवेअरचं मूळ नाव आणि टर्मिनलमध्ये टाइप करायची तीन अक्षरी आज्ञा माहीत असणाऱ्यांनी हात वर करा. मी ऑफिसच्या मशीनवर मॅन्युअल शोधायला गेलो. फायरवॉलने अडवलं, आयटीवाल्याचा फोन आला. 'सर, मी आकाशगंगा शोधत होतो' यावर त्याने जे 'हं' केलं ते अजून कानात आहे.

---

बेलापूर_बायनरी | १२ मार्च, दुपारी १.५८

हाहाहा! १९९६ मध्ये बर्टिन आणि आर्नू यांनी शोधनिबंध लिहिला तेव्हा ऑफिसच्या फायरवॉलचा विचार केला नसावा. आता 'सोर्स-एक्स्ट्रॅक्टर' असं पूर्ण नाव टाइप केलं तरी चालतं, ते वापरा आणि नोकरी वाचवा.

---

गच्चीकर_माजिवडा | १२ मार्च, संध्याकाळी ७.३५

खारघर, बायनरीताई, मनापासून आभार. फिल्टर डिफॉल्टच आहे, पिक्सेल स्केलही १.० च आहे. अंदाज शंभर टक्के बरोबर.

पण तारे किती पिक्सेलचे हे कसं काढू? दोन-चार तारे निवडून डोळ्याने बघू का?

---

खारघर_खगोल | १२ मार्च, रात्री ८.१५

डोळ्याने नको. आहे त्या सेटिंगवर एकदा चालवा आणि यादीत फ्लक्स रेडियस (ठिपक्याची त्रिज्या), मॅग ऑटो (प्रत), एफडब्ल्यूएचएम इमेज (पिक्सेलमधली रुंदी) आणि फ्लॅग्ज (काही गडबड असेल तर खूण) हे रकाने मागवा. मग आलेख काढा: आडव्या अक्षावर प्रत, उभ्यावर फ्लक्स रेडियस. तारे एका आडव्या पट्ट्यात ओळीने बसतील, कारण सगळ्यांची पसरण्याची तऱ्हा एकच (आजोबांचा टीपकागद). जास्त तेजस्वी टोकाला पट्टा वर वळतो, ते सॅच्युरेट झालेले, म्हणजे पिक्सेल भरून वाहिलेले, ते टाका. मंद टोकाला तो विस्कटतो, तेही टाका. फ्लॅग शून्य असलेले मधले तारे घेऊन एफडब्ल्यूएचएमचा मध्यक काढा. तो तुमचा आकडा.

पट्ट्याच्या *खाली* ठिपके दिसले तर मात्र लगेच सांगा. ताऱ्यापेक्षा लहान वस्तू आकाशातून येऊच शकत नाही.

---

नेरुळ_नादब्रह्म | १२ मार्च, रात्री ९.४०

रेडिओवाल्याची लुडबुड. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीचा डेटा हाताळला होता. आमच्याकडे पीएसएफला 'बीम' म्हणतात आणि तो हवेला विचारून ठरत नाही. ४५ मीटरच्या ३० तबकड्या जमिनीवर कुठे उभ्या आहेत आणि स्रोत आकाशात कसा सरकला, यावरून तो गणिताने निघतो. चित्र साफ केल्यावर त्याची लांबी, रुंदी आणि कल फिट्स फाइलच्या हेडरमध्येच (चित्रासोबतच्या नोंदींत) लिहिलेले असतात, स्रोत शोधणारं पायबीडीएसएफ ते तिथून उचलतं.

हेडरमध्ये ते नसेल तर हाताने द्यावे लागतात, आणि तिथे एकक आहे अंश! विकला नाही, पिक्सेल नाही. मी २५ विकलांच्या जागी २५ भरले होते. माझ्या बीममध्ये अख्खं मृग नक्षत्र मावलं असतं.

---

बेलापूर_बायनरी | १२ मार्च, रात्री ९.४४

तीन सॉफ्टवेअर, तीन एककं. माझे दोन आठवडे आता कमी दुखतायत.

---

ऐरोलीचा_आळशी | १२ मार्च, रात्री १०.०५

यासाठीच म्हणत होतो, वर्तुळ मारा आणि झोपा.

---

गच्चीकर_माजिवडा | १३ मार्च, रात्री १२.३०

आलेख काढला. शुक्रवारच्या फ्रेममध्ये पट्टा स्वच्छ दिसतो, मध्यक ५ पिक्सेल. म्हणजे साधारण ३.९ विकला.

आणि पट्ट्याच्या खाली मुंग्यांचं वारूळ आहे. हजाराच्या वर ठिपके. हे काय आहे?

---

बेलापूर_बायनरी | १३ मार्च, सकाळी ९.१०

हे तुमचे १९०० मधले बहुतेक 'तारे'. गरम पिक्सेल! कूलर नसलेला कॅमेरा, त्यात मार्चातलं ठाणं. डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले, वजा करायचे फोटो) कधीच्या आहेत? जानेवारीच्या असतील तर त्यांचा आजच्या तापमानाशी मेळ नाही, वजाबाकी अर्धवट राहणार.

तो एकटा पिक्सेल तारा म्हणून खपला कसा, ते बघा. डिफॉल्ट जाळीत मध्यभागी १/४, चार बाजूंना १/८ आणि चार कोपऱ्यांत १/१६ असं वजन असतं. समजा एक पिक्सेल गोंगाटाच्या नेहमीच्या चढउताराच्या १२ पट, म्हणजे १२ सिग्मा वर आहे. जाळी फिरवल्यावर मधे ३ सिग्मा, चार बाजूंना दीड-दीड. मूळ कॉन्फिगमध्ये उंबरठा १.५ आणि किमान क्षेत्रफळ ५ पिक्सेल. मधला एक, बाजूचे चार, झाले पाच! त्याहून गरम असलेला कुठलाही एकटा पिक्सेल तारा बनून यादीत जाऊन बसतो.

आता ९×९ ची, ५ पिक्सेल रुंदीची गॉसियन जाळी लावा. तिच्या मध्याचं वजन पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास असतं, त्यामुळे तोच १२ सिग्माचा पिक्सेल अर्ध्या सिग्मावरही उरत नाही. आणि ५ पिक्सेलच्या खऱ्या ताऱ्याचं शिखर त्याच जाळीने फक्त निम्म्यावर येतं, गोंगाट मात्र त्याहून पुष्कळ खाली जातो. जाळी आकाराला जुळवायची ती यासाठी. सॉफ्टवेअरसोबत 'गॉस ५.० ९×९' नावाची फाइल येतेच, फक्त नाव बदला.

---

सानपाड्याची_सई | १३ मार्च, सकाळी ९.३०

हे मला कळलं!! म्हणजे पोहे चाळायची चाळणी रव्याला लावली होती.

---

नौपाड्याचे_आजोबा | १३ मार्च, सकाळी ९.४५

शाब्बास.

---

येऊरचा_बिबट्या | १३ मार्च, सकाळी ११.००

३.९ विकला म्हणजे ठाण्याच्या मानाने वाईट नाही हो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत बसतो. दुर्बीण त्याच वाफेतून बघते. त्यात खालच्या मजल्यांच्या एसीचे पंखे. मी मध्यरात्रीनंतर काढलेल्या फ्रेम नेहमी बारीक असतात.

तारा क्षितिजाकडे झुकला की हवेचा जाडपणा वाढतो आणि ठिपका त्याच्या ०.६ घाताने फुगतो. दुप्पट हवा, तर दीडपट रुंदी. म्हणजे एकाच रात्रीत पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला एकच आकडा लावणं हेही चूकच.

---

उलव्याचा_उलूक | १३ मार्च, सकाळी ११.२०

तुमच्याकडे वाफ, आमच्याकडे विमानं. नवा विमानतळ झाल्यापासून माझ्या फ्रेममध्ये पीएसएफ सोडून सगळं येतं. वांगणीला कधी जायचं बोला. कर्जत लोकल, डबा, चटई.

---

तर्री_जास्त | १३ मार्च, सकाळी ११.२१

डबा म्हटलात, मी आहे.

---

येऊरचा_बिबट्या | १३ मार्च, सकाळी ११.४०

अमावस्येच्या शनिवारी बघू. वेगळा धागा काढा, इथे गच्चीकरांचं काम चालू आहे.

---

गच्चीकर_माजिवडा | १३ मार्च, रात्री ११.१५

जाळी बदलली. शुक्रवारची फ्रेम: १९०० वरून ५८८!

मग त्याच उत्साहात तीच जाळी रविवारच्या फ्रेमला लावली, आणि ४१२ चे ३३० झाले. शेजारशेजारचे तारे एकमेकांत विरघळले. डोकं धरून बसलो. मग हेडर उघडलं. रविवारी २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक) चालू होतं! बायकोने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं असा आरोप करणार होतो, पण सेटिंगची वेळ रात्री १०.०२, तेव्हा ती माहेरी होती.

---

खारघर_खगोल | १३ मार्च, रात्री ११.३०

झालं, गुंता सुटला. २×२ मध्ये पिक्सेल स्केल १.५५ विकला आणि तोच तारा अडीच पिक्सेलचा. २ पिक्सेलची डिफॉल्ट जाळी रविवारी योगायोगाने जवळपास बरोबर होती. एका कॉन्फिगने दोन रात्रींना दोन न्याय दिले. रविवारसाठी 'गॉस २.५ ५×५' घ्या आणि बिनिंगनुसार दोन वेगळ्या कॉन्फिग फाइल ठेवा. पिक्सेल स्केलच्या जागी ० भरलंत आणि चित्र आधी आकाशाशी जुळवलेलं असेल, तर तो आकडा सॉफ्टवेअर हेडरमधून स्वतःच काढतं.

---

गच्चीकर_माजिवडा | १४ मार्च, सकाळी ८.००

आता पीएसएफईएक्स हे पीएसएफ काढणारं सॉफ्टवेअर वापरून चित्राच्या प्रत्येक कोपऱ्यासाठी वेगळा पीएसएफ काढावा म्हणतो. कडेला तारे थोडे शेपटीवाले आहेत.

---

बेलापूर_बायनरी | १४ मार्च, सकाळी १०.३०

काढा, पण हात राखून. शेपट्या आहेत त्या न्यूटोनियनच्या कोमाच्या (आरशाचा दोष), तो कडेकडे वाढत जातो, त्यामुळे बदलणारा पीएसएफ इथे खरंच उपयोगी. पण बदलाच्या बहुपदीची घात मूळची २ आहे, ती तशीच राहू द्या. २ ला सहा पदं लागतात, ३ ला दहा. चांगले सुटे तारे तीसच असतील आणि तुम्ही ३ भरलंत, तर तो ताऱ्यांऐवजी गोंगाटाचं चित्र काढेल, आणि ते सुंदर दिसेल. आधीच्या यादीत प्रत्येक ताऱ्याचा छोटा चौकोन कापून द्यावा लागतो, तो रकाना विसरू नका. मी विसरले होते.

---

ऐरोलीचा_आळशी | १४ मार्च, सकाळी १०.५०

मी काहीच बोललो नाही.

---

खारघर_खगोल | १४ मार्च, सकाळी ११.१५

अक्षतांचं राहिलंच की! गच्चीकर, यादीत थीटा इमेज मागवा, म्हणजे लांबट ताऱ्याचा कल. केंद्रापासून बाहेर तोंड करून असतील तर कोमा. सगळे एकाच दिशेला, आणि ती दिशा विषुवांशाची (आकाशातली पूर्व-पश्चिम) असेल, तर माउंटचं, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडचं गिअर. एकाच दिशेला पण विषुवांशाशी मेळ नाही, तर काहीतरी हलतंय. अशा फ्रेमवर कुठलीही जाळी जुळवायच्या भानगडीत पडू नका, त्या सरळ बाजूला काढा.

---

घणसोलीचा_घाबरट | १४ मार्च, सकाळी ११.३०

गच्चीवर लिफ्टची खोली आहे का? आमच्याकडे लिफ्ट निघाली की गुरू नाचतो.

---

गच्चीकर_माजिवडा | १५ मार्च, रात्री ११.५५

सगळे एका दिशेला, विषुवांशाशी मेळ नाही. लिफ्टची खोली आहे, पण लिफ्ट रात्रभर चालू-बंद होत असते आणि अक्षता मात्र गठ्ठ्याने येतात. फ्रेमच्या वेळा लिहून काढल्या: तिन्ही रात्री १०.३५ ते ११.१०. आज त्या वेळी स्लॅबवर तळहात ठेवून बसलो. बारीक घरघर. टाकीत पाणी चढवायचा पंप!

वॉचमनकाकांना विचारलं. म्हणाले, 'साडेदहाला लावतो, सगळे झोपल्यावर, कुणाला आवाज नको म्हणून.' मी विचारलं, नऊला लावाल का? त्यांनी दुर्बिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'नऊला मालिका असते. साडेनऊ.'

---

तर्री_जास्त | १६ मार्च, रात्री १२.०१

साडेनऊ ते दहा फ्रेम काढू नका. घ्या, ही पण सेटिंगच.